लातूर ते सायतामा : प्राथमिक वर्गातील इंग्रजीचे एक प्रकरण

हे प्रकरण औसा तालुक्यातील एका तरुण शिक्षिकेचे आहे. विज्ञानाची पदवी आणि बी.एड. पूर्ण करून लातूर शहरातील एका खासगी शाळेत काही काळ नोकरी केल्यावर ती मे २०२२ मध्ये जपानच्या सायतामा प्रांतातल्या एका शहरात सहायक भाषाशिक्षिका म्हणून रुजू झाली. तेथील दोन सार्वजनिक प्राथमिक शाळांत ती तिसरी ते सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवीत असे. मार्च २०२४ मध्ये करार संपल्यावर ती परत आली. तिने तिकडे ठेवलेली पाठटाचणाची वही, तिच्या आईशी आणि माझ्याशी वेळोवेळी झालेले बोलणे आणि परतल्यानंतर आमच्या अध्यापक विद्यालयातील प्रशिक्षणार्थींसमोर तिने केलेले निवेदन, एवढ्या सामग्रीवर ही मांडणी आधारलेली आहे. वर्गाचे चित्रीकरण करण्यास तिला परवानगी नव्हती, त्यामुळे वर्गात काय घडले याला तिच्या वहीखेरीज दुसरा साक्षीदार नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. शिक्षिका, तिच्या शाळा आणि तिला नेमणारी कंपनी यांची नावे दिलेली नाहीत.

लातूरचे नाव निघाले की लोकांना ‘लातूर पॅटर्न’ आठवतो, म्हणजे अकरावी-बारावीचे क्लासेस, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आणि भाड्याच्या खोल्यांत राहून अभ्यास करणारी बाहेरगावची मुले. अशा गावात शिकलेली विज्ञानाची पदवीधर मुलगी परदेशी जाते ती दहा वर्षांच्या मुलांना रंगांची आणि खाण्याच्या पदार्थांची नावे शिकवायला, हे तिच्या घरात सगळ्यांना सहज पचले नाही. ‘एवढं शिकून लेकरंच शिकवायची तर हितं काय लेकरं कमी होती?’ असे तिच्या चुलत्यांनी विचारले होते. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, कारण या प्रकरणाचा शेवट त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

नेमणूक आणि बारा वर्षांची अट

जपानमध्ये सार्वजनिक शाळांतील इंग्रजीच्या सहायकांची नेमणूक मुख्यतः दोन मार्गांनी होते. १९८७ पासून चालू असलेल्या सरकारी विनिमय योजनेतून परदेशी पदवीधर बोलावले जातात. या योजनेत भारताचा सहभाग असला तरी निवडले जाणारे भारतीय मोजकेच असतात. उरलेल्या जागा नगरपालिकांची शिक्षण मंडळे स्वतः भरतात किंवा खासगी कंपन्यांकडून भरून घेतात. आपल्या शिक्षिकेची नेमणूक कंपनीमार्फत झाली. अशा नेमणुकीत पगार सरकारी योजनेपेक्षा सामान्यतः कमी असतो आणि काही कंपन्या उन्हाळी सुट्टीच्या महिन्यात त्यालाही कात्री लावतात.

व्हिसाच्या कागदपत्रांत तिची गाठ एका नियमाशी पडली. जपानच्या इमिग्रेशन नियमांनुसार, शाळेत परकी भाषा शिकवणारी जी व्यक्ती नियमित शिक्षकपदावर नसते, तिच्याकडे पदवी असावी लागते आणि शिवाय तिने त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. शिक्षिकेचे दहावीपर्यंतचे शिक्षण तालुक्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत झाले होते. त्यात अकरावी-बारावी विज्ञानाची दोन वर्षे आणि पदवीची तीन वर्षे मिळवली की हिशेब पंधरा वर्षांवर जातो. शाळेच्या कार्यालयातून तिने निर्गम उतारा आणि माध्यमाचा दाखला आणला आणि अट पूर्ण झाली.

कागदावर अट पूर्ण झाली, पण मराठवाड्यातील तालुक्याच्या गावातले इंग्रजी माध्यम म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरील लिहिणे इंग्रजी, समजावून सांगणे मात्र अथपासून इतिपर्यंत मराठी, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी इंग्रजी उत्तरांचे पाठांतर. ती स्वतःच सांगते की, आठवीपर्यंत इंग्रजीत आपल्या मनाने एक सलग वाक्य बोलल्याचे तिला आठवत नाही. तिच्याच शाळेतील एक सहकारी शिक्षक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेले, डी.एड. झालेले आणि इंग्रजी विषय घेऊन एम.ए. केलेले होते. लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यात ते तिच्यापेक्षा सरस होते, हे ती आजही मान्य करते. त्यांनीही त्याच कंपनीकडे चौकशी केली होती, पण इंग्रजी हा विषय म्हणून घेतलेली वर्षे माध्यमाच्या वर्षांत धरली जात नाहीत, त्यामुळे त्यांचा अर्ज पुढे सरकलाच नाही.

या नियमामागील विचार समजण्यासारखा आहे. मुलांना भाषा ऐकवणाऱ्याला ती भाषा सहज येत असावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. परंतु ज्याला भाषा सहज येते त्याला ती शिकताना माणूस नेमका कोठे अडतो हेही ठाऊक असते, असे नियमाने गृहीत धरलेले दिसते, आणि हे गृहीतक या प्रकरणात टिकत नाही. शिक्षिकेला वर्गात जे साधले ते तिच्या इंग्रजी माध्यमामुळे साधले नाही. तिला इंग्रजी उशिरा, अडखळत आणि मराठीच्या आधाराने आली होती, तेच उपयोगी पडले. ते कसे, हे पुढे येईल.

महाराष्ट्रातील २००० आणि जपानमधील २०२०

तिला कोणत्या परिस्थितीत काम करायचे होते, ते आधी पाहिले पाहिजे. जपानच्या प्राथमिक शाळांत २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीचे उपक्रम सक्तीचे झाले होते, पण तो गुणांचा विषय नव्हता. २०२० मध्ये नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यानुसार तिसरी-चौथीला वर्षाकाठी ३५ तासिकांचे उपक्रम आले आणि पाचवी-सहावीला ७० तासिकांचा, मूल्यमापन असलेला स्वतंत्र विषय आला. तासिका ४५ मिनिटांची असते आणि ती घेण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकाची असते. हा वर्गशिक्षक गणित, जपानी भाषा, विज्ञान, कधी कधी पोहणेसुद्धा शिकवतो. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात इंग्रजी अध्यापनाचा समावेश २०१९ मध्ये झाला. याचा अर्थ असा की, २०२२ साली चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वर्गशिक्षकाला हा विषय शिकवण्याचे शिक्षण शिक्षक होताना मिळालेले नव्हते.

मराठवाड्यातील वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. महाराष्ट्र शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हा खेड्यापाड्यांतील ज्या गुरुजींनी आणि बाईंनी स्वतः पाचवीला पहिल्यांदा ‘एबीसीडी’ गिरवली होती, त्यांनाच पहिलीच्या मुलांपुढे इंग्रजी बोलत उभे राहावे लागले. या शिक्षिकेची आई त्यांपैकीच एक. त्या १९९० च्या दशकात डी.एड. झाल्या आणि औसा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत रुजू झाल्या. स्वतः मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी मुलीला मात्र इंग्रजी माध्यमात घातले, यात नवल नाही. आपल्याकडे शिक्षकांच्या घरांत हे सर्रास घडते आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. या प्रकरणातली सर्वांत उपयोगी सूचना त्या मराठी शाळेतून आली, एवढे मात्र नोंदवायला हवे.

पाचवीचा वर्ग आणि ‘मिल्क’

पहिल्या शाळेतील पाचवीचा वर्ग तीसेक मुलांचा होता. वर्गशिक्षक पन्नाशीच्या आतबाहेरचे, गणितात वाकबगार, मुलांचे लाडके, आणि इंग्रजीची तासिका आली की खिडकीपाशी जाऊन उभे राहणारे. शिक्षिकेने सुरुवात केली ती आपल्याकडच्या सवयीप्रमाणे, म्हणजे ‘मी म्हणते, माझ्या मागून म्हणा’. वर्ग एकसुरात आणि मोठ्याने म्हणत असे, आणि तिच्या वहीत पहिल्या आठवड्यांत ‘प्रतिसाद उत्तम’ असा शेरा वारंवार येतो.

त्या वर्गाचा एक पाठ हॉटेलात पदार्थ मागवण्याचा होता. काय हवे ते एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने सांगायचे. ‘मिल्क’ या शब्दापाशी वर्ग सरळ ‘मिरुकु’ म्हणत होता. जपानी लेखनपद्धतीत प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. स्वराशिवाय उभे राहू शकणारे व्यंजन एकच, ते म्हणजे अनुनासिक. त्यामुळे ‘डेस्क’चे ‘देसुकु’ होते आणि ‘मिल्क’चे ‘मिरुकु’. एरवी अशा वेळी ओठ आणि जीभ दाखवून उच्चार शिकवतात, पण ते वर्ष कोरोनाच्या मुखपट्ट्यांचे होते. शिक्षिका, वर्गशिक्षक आणि मुले यांपैकी कोणाचेही तोंड कोणाला दिसत नव्हते. शाळेचे दुपारचे जेवण मुलेच वर्गात वाढून घेत, पण तेही सर्वजण एकाच दिशेला तोंड करून, न बोलता जेवत.

ओठ दिसत नव्हते, तेव्हा तिने बोटे वापरली. जपानी मुले लहानपणापासून हायकू ही तीन ओळींची कविता रचतात आणि ओळींतल्या अक्षरांचा ५-७-५ हा हिशेब बोटांवर करतात. आपल्याकडे वृत्तातील मात्रा मोजतात त्याच जातीचे हे मोजणे आहे. तिने वर्गाला ‘मिल्क’ मोजायला सांगितले. सगळ्यांनी तीन बोटे मिटली. मग ती ‘मिल्क’ म्हणाली आणि तिने एकच बोट मिटले. पुढच्या रांगेतील एक मुलगा उठून उभा राहिला आणि एक होणे शक्यच नाही असे ठासून सांगू लागला. त्या वर्गात परवानगीशिवाय उठलेले ते पहिले मूल होते.

त्या मुलाला पटवण्यासाठी तिने जे केले ते कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते. तिने फळ्यावर देवनागरीत ‘मि’, ‘ल’, ‘क’ अशी तीन अक्षरे लिहिली. मग ‘ल’चा उभा दंड पुसून त्याचा ‘ल्’ केला आणि तो ‘क’ला चिकटवून ‘मिल्क’ पूर्ण केले. लिपी ओळखत नसली तरी एक अक्षर अर्धे होऊन दुसऱ्याला जोडले गेले, हे मुलांना डोळ्यांनी दिसले. वर्गशिक्षक तोपर्यंत खिडकी सोडून फळ्यापाशी आले होते. वर्गात टांगलेल्या तक्त्यावर जपानी अक्षरे ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ या क्रमाने मांडलेली असतात. हा क्रम जपानी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे, हे त्यांना माहीत होते आणि त्यांनी ते मुलांना जपानीत सांगितले. त्यानंतर ‘डेस्क’, ‘मास्क’ आणि ‘डेझर्ट’ हे शब्द मुलांनी स्वतःहून बोटांवर मोजून पाहिले. ‘मास्क’वर वर्ग हसला, असे वहीत लिहिले आहे.

मातृभाषक सहायकाला हे सुचले नसते असे मी म्हणणार नाही. पण ‘मिल्क’मध्ये काही अडचण आहे हे त्याला कळायलाच वेळ लागला असता, कारण त्याच्या कानाला तो शब्द एकसंध असतो. आपल्या मुलांना जोडाक्षर शिकवताना ‘ल’ मोडून दाखवावा लागतो, आणि ती स्वतः तो तसाच शिकली होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या जोडाक्षराला अडखळून ‘इस्टो’ आणि ‘इस्कूल’ म्हणणारी माणसे तिने घरीदारी ऐकली होती, त्यामुळे मुले मध्येच स्वर का घालतात, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. उच्चार हा या वर्गाचा मुख्य प्रश्न नव्हता, आणि कंपनीच्या समन्वयकांना वाटत होते तितके त्याचे महत्त्वही नाही. मुलांच्या कानावर अस्सल उच्चार पडावेत, असा त्यांचा आग्रह असे. परंतु २०२० पासूनच्या मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकांत ध्वनिमुद्रणासाठी क्यूआर कोड छापलेले असतात आणि वर्गातील पडद्यावर मातृभाषकांचा आवाज हवा तितक्या वेळा ऐकवता येतो. आवाज पुरवणे हे काम यंत्राकडे गेल्यावर माणसाकडे काय उरते, हा प्रश्न कंपनीने विचारला नाही. उलट, व्ही आणि डब्ल्यू यांत ती पुरेसा फरक करीत नाही, एवढीच तिच्याविषयीची तक्रार नोंदवली गेली. तक्रार खोटी नव्हती. मराठी माणसाकडे दोहोंसाठी एकच ‘व’ आहे.

एकसुरातील आवाज आणि एकट्याचे मौन

खरी अडचण जूनच्या अखेरीस उघड झाली. पाचवीला इंग्रजीचे मूल्यमापन होते आणि त्यात प्रत्येक मुलाने दुसऱ्याशी दोन-चार वाक्ये बोलणे अपेक्षित असते. जो वर्ग एकसुरात छत हादरवीत होता, त्यातले एकेक मूल उभे केले की मान खाली घालून गप्प राहू लागले. काही मुलांचे डोळे भरून आले. शिक्षिकेने लहान वाक्ये दिली, चित्रे दिली, बक्षिसाचे स्टिकर दिले, तरी फरक पडला नाही. तिच्या वहीतील ‘प्रतिसाद उत्तम’ हा शेरा त्या आठवड्यापासून नाहीसा होतो.

सामूहिक पठणाने मुलाला आवाज मिळतो, पण त्यात त्याचा स्वतःचा आवाज किती असतो हे कोणालाच कळत नाही, खुद्द त्यालाही नाही. मराठवाड्यातील शाळांच्या भेटींत मी हेच पाहत आलो आहे. व्हरांड्यातून जाताना ‘ए फॉर ॲपल’चा गजर ऐकू येतो, केंद्रप्रमुख खूश होतात, आणि त्यातल्याच एका मुलीला बाहेर बोलावून ‘व्हॉट इज युअर नेम?’ विचारले की ती ‘व्हॉट इज युअर नेम’ असेच उत्तर देते.

जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आई शाळेतून घरी येऊन चहा घेत तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ वाजत आले असत, आणि मायलेकींचे रोजचे बोलणे त्याच वेळी होई. त्या आठवड्यातील एक संवाद शिक्षिकेने वहीत जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे.

‘आई, लेकरं मिळून म्हणतेत. एकट्याला उभं केलं की तोंडच उघडंनात.’

‘अगं, त्यांच्या गुरुजीला येतंय का इंग्रजी?’

‘येतं थोडं. पण वर्गात बोलत नाहीत. बाजूला उभे राहतेत.’

‘मग लेकरं कशाला बोलतील? आम्हाला तरी दोन हजार साली कुठं येत होतं? आदल्या राती पुस्तक घेऊन बसायचे अन् सकाळी पहिलीपुढं उभी राहायचे. अडलं की लेकरांलाच विचारायचे, सांगा बरं, ह्याला काय म्हणतेत. लेकरं हसायची, पण सांगायची.’

बाईंच्या बोलण्यात शास्त्रीय परिभाषा नाही, पण निदान अचूक आहे. मुलांनी वर्षानुवर्षे ज्यांना सगळे विषय येताना पाहिले ते त्यांचे गुरुजी इंग्रजीच्या तासाला गप्प होतात, आणि बोलते ती परदेशातून आलेली, चूक न करणारी बाई. यातून मुले जो धडा घेतात तो असा की, ही भाषा ज्याला पूर्ण येते त्यानेच बोलायची असते. सहायक जितका अस्खलित, तितका हा धडा पक्का होतो.

सूचना मिळाली, पण ती अमलात आणणे सोपे नव्हते. सहायकाकडे जपानी अध्यापन परवाना नसतो. वर्गाची, मूल्यमापनाची आणि पाठाची जबाबदारी वर्गशिक्षकाची असते. त्यातच तिचा करार असा होता की, कंपनीने शाळेला सेवा पुरवायची आणि कामाच्या सूचना कंपनीकडूनच यायच्या. अशा करारात शाळेतील शिक्षकाने सहायकाला थेट सूचना देणे कायद्याला धरून होत नाही, आणि या अडचणीची जपानमध्ये अनेक वर्षे चर्चा आहे. दोन माणसांनी एका वर्गात मिळून शिकवायचे, पण एकाने दुसऱ्याला काय करायचे ते सांगायचे नाही, ही व्यवस्था कोणत्या विचारवंताने शोधून काढली असेल कोण जाणे! शिवाय पन्नाशीच्या शिक्षकाला चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने ‘तुम्ही मुलांसमोर अडखळा’ असे सांगायचे, हे औशातही झाले नसते.

तिने मार्ग काढला तो उपमुख्याध्यापकांमार्फत. सोप्या जपानीत एक चिठ्ठी लिहून तिने स्वतःची अडचण मांडली. मला जपानी नीट येत नाही, मुलांनी आणि सरांनी मला जपानी शिकवावी आणि त्या बदल्यात पाठाची पहिली काही मिनिटे आम्ही दोघांनी एकमेकांच्या भाषेत बोलावे, असे तिने सुचवले. तिच्या चिठ्ठीत सरांच्या इंग्रजीचा उल्लेख नव्हता. वर्गशिक्षक तयार झाले.

सप्टेंबरात दुसरे सत्र सुरू झाल्यावरच्या पहिल्या पाठात तिने त्यांना सकाळी काय खाल्ले असे इंग्रजीत विचारले. ते ‘आय ईट’ म्हणाले, थांबले, मग ‘राइस’ म्हणाले, पुन्हा थांबले आणि वर्गाकडे वळून मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्श्याला काय म्हणायचे असे त्यांनी मुलांना विचारले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून एका मुलीचा आवाज आला, ‘मिसो सूप’, आणि पाठोपाठ पाच-सहा जणांचा. त्यानंतर शिक्षिकेने आपल्या नाश्त्याचे वर्णन जपानीत केले आणि तिच्या क्रियापदाची चूक मुलांनी आनंदाने सुधारली. तिने मुद्दाम चूक केली होती का, असे मी तिला विचारले. ‘सर, मुद्दाम करायची गरजच पडली नाही,’ असे तिचे उत्तर होते.

महिनाभरात वर्गाचे वळण बदलले. मुले आधी सरांना प्रश्न विचारू लागली, मग जोडीदाराला, मग तिला. जूनमध्ये रडलेल्या मुलांपैकी दोघांनी डिसेंबरातील मूल्यमापनात वाक्ये पूर्ण केली, एकाने केली नाहीत. सर स्वतः किती पुढे गेले हे सांगणे कठीण आहे. वर्षाअखेरीसही ते ‘आय ईट’च म्हणत होते. मात्र ते खिडकीपाशी उभे राहत नव्हते.

दुसरी शाळा

दुसऱ्या शाळेतील सहावीचा अनुभव वेगळा होता आणि तो येथे थोडक्यात, पण न वगळता दिला पाहिजे. त्या वर्गाच्या शिक्षिका परदेशात राहून आलेल्या, चांगली इंग्रजी बोलणाऱ्या आणि पाठाची काटेकोर आखणी करणाऱ्या होत्या. त्यांनी आपल्या शिक्षिकेला ठरावीक जागी ठरावीक वाक्य म्हणण्यापुरते वापरले. सहायकांमध्ये या भूमिकेला उपहासाने ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणतात. वर्ग चांगला चालत होता, मुले ऐकण्यात आणि वाचनात पुढे होती, आणि त्यांतली बरीच बोलतही होती. म्हणजे वर्गशिक्षक अडखळणारा असल्याशिवाय मुले बोलत नाहीत, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढता येत नाही. शिक्षक स्वतः मुलांसमोर ती भाषा वापरतो की नाही, एवढाच धागा दोन्ही वर्गांत समान आहे. पहिल्या वर्गात तो मोडकी भाषा वापरत होता, दुसऱ्यात चांगली.

तिसरी-चौथीच्या वर्गांविषयी वहीत फारसे नाही. त्या वयाची मुले न सांगता बोलतात. तेथे अडचण अक्षरांची होती. जपानी भाषेच्या तासाला तिसरीत रोमन लिपी शिकवत ती १९५४ च्या शासकीय अधिसूचनेतील पद्धतीने. त्यात ‘शि’ हा ध्वनी ‘एसआय’ असा आणि ‘चि’ हा ‘टीआय’ असा लिहितात, आणि इंग्रजीच्या तासाला त्याच अक्षरांचा उच्चार वेगळा होतो. मुलांचा गोंधळ उडाला, तिचाही उडाला, आणि त्यावर तिला समाधानकारक उपाय सापडला नाही.

परतल्यानंतर

मार्च २०२४ मध्ये परतल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती आईच्या शाळेत जाऊन बोटांवर शब्द मोजण्याचा प्रयोग. तो फसला. दुसरीच्या मुलांनी ‘मिल्क’ पहिल्या झटक्यात बरोबर म्हटले, कारण जोडाक्षर त्यांच्या जिभेवर आधीच होते. त्यांची अडचण वेगळीच निघाली. मुले पुस्तकातील ओळ घडाघडा वाचत होती, पण ‘ओपन द विंडो’ वाचून झाल्यावर खिडकीकडे कोणी पाहत नव्हते. सायतामात अर्थ कळत होता आणि तोंड उघडत नव्हते, तर औशात तोंड उघडे होते आणि अर्थ बंद होता. परदेशातून परतलेल्या शिक्षकांची व्याख्याने आपल्याकडे हौसेने ठेवली जातात आणि तिकडची युक्ती इकडे लावावी असा आग्रह धरला जातो. त्या आग्रहाला या फसलेल्या प्रयोगाने चांगले उत्तर दिले, असे मला वाटते. प्रशिक्षणार्थींसमोर तिने तोच भाग सर्वांत आधी सांगावा, अशी विनंती मी तिला केली होती आणि तिने ती मानली.

दुसरी गोष्ट नोकरीची. जिल्हा परिषद शाळांतील भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, आणि जपानमधील कामाला त्यात काही वजन नाही. तेही एक वेळ चालले असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानुसार बी.एड. ही अर्हता पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी ग्राह्य नाही, त्यासाठी प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते. ती जपानमध्ये पाचवीच्या वर्गात असतानाच हा निकाल आला होता. अध्यापक विद्यालयात काम करणारा माणूस म्हणून मला तो निकाल योग्य वाटतो. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात ते शिकवले जात नाही. पण जपानच्या नियमाने कागदावरील बारा वर्षे पाहून तिला आत घेतले आणि आपल्या नियमाने कागदावरील पदवी पाहून बाहेर ठेवले, आणि दोन्ही ठिकाणी ती वर्गात काय करते हे पाहण्याची सोय नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

सध्या ती सहावी ते आठवीच्या जागेसाठी चाचणीची तयारी करीत आहे आणि पदविकेला प्रवेश घ्यावा की नाही याचा निर्णय तिने अजून घेतलेला नाही. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा ती आईसोबत जाते आणि परिपाठ संपल्यावर दुसरीचा वर्ग घेते. सामूहिक वाचन तिने पूर्ण बंद केले आहे. एक मूल सूचना वाचते आणि दुसरे ती करून दाखवते, न कळल्यास तिसऱ्याला मराठीत विचारण्याची मुभा आहे, आणि आई मागच्या बाकावर बसून मुलांइतक्याच वेळा अडतात. सूचनांची यादी दोघी मिळून आदल्या रात्री करतात. आमच्या विद्यालयातील प्रशिक्षणार्थींनी पुढील सत्रात या वर्गाचे निरीक्षण करावे असे ठरले असून, मुख्याध्यापकांनी त्यासाठी लेखी परवानगी दिली आहे.